राज्यशास्त्राच्या वर्गात आधी काय: निकाल की विचारवंत?

चौकस
विद्यापीठात राज्यशास्त्राचं पहिलं सत्र प्लेटो ते मार्क्स असं रांगेने जातं. व्याख्या पाठ होतात, पदवीही मिळते, पण निवडणुकीचा निकाल वाचता येत नाही. माझं म्हणणं, सुरुवातच निकालापासून करा. ब्रिटनची २०१५ ची निवडणूक घ्या. यूकिप या ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं म्हणणाऱ्या पक्षाला १२.६ टक्के मतं आणि ६५० पैकी जागा फक्त १. स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७ टक्के मतं, जागा ५६. एवढंच फळ्यावर लिहा आणि थांबा. ‘असं कसं?’ हा प्रश्न मुलंच विचारतील. मग तीच मतं निव्वळ प्रमाणात वाटायला लावा: यूकिप ८२ च्या आसपास जाते, स्कॉटिश पक्ष तीसेकवर येतो.

जुना मास्तर
साफ असहमत. आकडेमोड झाली, पुढे? स्कॉटिश पक्ष फक्त स्कॉटलंडच्या ५९ जागा लढला. त्याला देशभराच्या टक्क्यांनी मोजणं न्याय्य आहे का? प्रतिनिधित्व माणसांचं असतं की प्रदेशाचं? हे कुठलाही तक्ता सांगत नाही. इंग्लिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागांची, बाजू घेतली, तीही अल्पमताचा आवाज दबू नये म्हणून. तो युक्तिवाद माहीत नसेल तर तुमचा तास गणिताचा होतो.

चौकस
५९ जागांचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पण बघा ना, तो निघाला आकड्यांमधूनच! मिल वाचायचाच आहे, फक्त प्रश्न पडल्यानंतर. अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती जमवली होती, असं परंपरा सांगते. या विषयाची मुळंच नमुने गोळा करण्यात आहेत.

तृतीय वर्ष
मी सध्या हेच शिकतेय. तुम्ही दोघंही परीक्षेबद्दल बोलतच नाही आहात. शेवटी ‘टीपा लिहा’ येणार असेल, तर आम्ही टीपाच पाठ करणार, शिकवा काहीही. आणि सरांचं राजकीय मत कळलं की वर्ग गप्प होतो, कारण गुण त्यांच्या हातात असतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१७ च्या म्युनिकच्या भाषणात हेच बजावलं होतं: विद्यार्थ्यांना उलट बोलता येत नाही, तिथे शिक्षकाने स्वतःचं राजकारण आणू नये. मला पटत नसलेली बाजू मला मांडायला लावा आणि त्यावर गुण द्या. ती बाजू मी मनापासून अभ्यासेन.

जुना मास्तर
गप्प होण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते लागलं. माझ्याही वर्गात हे होत असणार. विरुद्ध बाजू मांडायला लावणारी तोंडी परीक्षा मी घ्यायला तयार आहे. वेळ खूप जाईल, जाऊ दे. क्रमाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. मिल पहिल्याच आठवड्यात हवा.