मदत हवी आहे: कोंबडीच्या पिल्लांच्या ब्रूडरमध्ये (ऊब देऊन पिल्लं ठेवायच्या जागेत) खाली काय अंथरू?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात गिरिराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची ५० पिल्लं येतायत. पत्र्याचा गोल चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं कुंपण), बल्ब, भांडी तयार आहेत. अडलंय ते अंथरुणावर.

आमच्याकडे, म्हणजे चिपळूणच्या बाजूला, भाताचं तूस गिरणीत सहज मिळतं. दोन इंच थर द्यायचा विचार आहे. पण पावसाळी हवेत ते खालून ओलं राहतं आणि पाण्याच्या भांड्याभोवती तर त्याचा लगदाच होतो. ओल राहिली की रक्ती हगवण आलीच समजा. सॉ मिलचा भुसा ओल चांगली शोषतो म्हणतात, पण तो फार बारीक आहे. पिल्लं खाद्य समजून टिपतील. रंध्याचा जाड भुसा मिळाला तर सोनंच, पण आमचा सुतार तो चुलीला देतो!

तुसावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र घालावं का? गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून धाकधूक आहे. त्यापेक्षा गोणपाट बरं का? आणि तुसात चुना मिसळत असाल तर पिल्लं यायच्या किती दिवस आधी?

कोकणात पावसाळ्यात पिल्लं वाढवलेल्या दादा-ताईंनी जरूर सांगा.