फॅट लागली म्हणजे दूध चांगलं?

बरेच जण म्हणतात की डेअरीवरच्या मशीनवर गाईच्या दुधाला ३.५ फॅट नि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागला की विषय संपला, पण ते मशीन दगडीच्या (कास सुजण्याच्या आजाराच्या) इंजेक्शनचा अंश कुठं दाखवतं हो? अँटिबायोटिक दिलं की औषधाच्या लेबलवर दूध न वापरण्याचे दिलेले दिवस संपेस्तोवर ते दूध कॅनमध्ये जायलाच नको, आणि दगडी येते ती बऱ्याचदा ओल्या गोठ्यामुळंच. धार काढल्यावर सडाची भोकं अर्धा तासभर उघडी असतात, तेवढ्यात गाय शेणात बसली की झालंच, म्हणून सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची, मग ती खात उभी राहते. आमच्याकडं मुक्त संचार केल्यापासून, म्हणजे गाई बांधून न ठेवता मोकळ्या सोडल्यापासून, गुडघ्याच्या जखमा पण गेल्या. दर मात्र फॅट-एसएनएफवरच, गोठा कसा ठेवलाय ते कोण विचारतंय!