मुलुंडहून नाशिक, कॅराव्हॅनने दोन रात्री: बाबांना गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) न्यायचंय

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही.

माझे बाबा ७४ वर्षांचे. जन्म, शाळा सगळं नाशिकचं. पंचवटीत काळारामाच्या मागच्या गल्लीत त्यांचा वाडा होता. आता वाडाही नाही आणि तिथं आमचं कुणी राहतही नाही. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला. काठी घेऊन चालतात, पण बुटक्या कमोडवर बसता येत नाही, आणि प्रोस्टेटमुळे पाऊण तासाला जावंच लागतं. ऑपरेशनच्या आधी एकदा आम्ही कारने नाशिकला निघालो होतो. शहापूरच्या पुढे एका ढाब्याच्या ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. पडले नाहीत, पण गाडीत येऊन बसले आणि "परत फिरव" एवढंच म्हणाले. त्यानंतर नाशिकचं नाव त्यांनी काढलेलं नाही.

मात्र पावसाळ्यात बातम्यांत गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती (नाशिककर त्याच्यावरून पुराची उंची ओळखतात) दाखवला की टीव्हीचा आवाज वाढवायला सांगतात. पाणी मारुतीच्या कमरेला आहे की छातीला, ते बघतात. मग १९६९चा महापूर सुरू होतो. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. सराफ बाजारात शिरलेलं पाणी ते अजून हातानं उंची दाखवून सांगतात.

म्हणून कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी. स्वतःचं शौचालय सोबत असलं तर ते येतील. नोव्हेंबरअखेरीस शुक्रवार ते रविवार असा विचार आहे. आम्ही चौघं: आई, बाबा, नवरा आणि मी. ड्रायव्हर गाडीबरोबरच येईल.

विचारायचं ते असं. कसारा घाटाने जावं की समृद्धी महामार्गाने? गाडी रात्री गोदाघाटाजवळ उभी करता येईल का? पहाटे दार उघडलं की बाबांना समोर नदी दिसावी असं फार मनात आहे. आणि पैसे भरण्याआधी गाडीत काय काय तपासू?

चाकावरचं_घर

ताई, आम्ही ठाण्याचे. तीन वेळा भाड्याची कॅराव्हॅन घेतली आहे, त्यातली एक खेप सासूबाईंना घेऊन, म्हणून तुमची काळजी समजते.

आधी टेप घ्या आणि गाडी स्वतः बघून या. फोटोवर जाऊ नका. पहिलं माप पायरीचं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाड्यांची पायरी आपल्या जिन्याच्या पायरीपेक्षा पुष्कळ उंच असते. मध्ये ठेवायला रुंद, न हलणारा लाकडी पाट लागेल, आणि दाराला आतून धरायचा दांडा हवाच. दुसरं माप कमोडचं. खुबा बदललेल्या माणसाचा गुडघा बसताना खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. घरी तुम्ही कमोडवर उंच सीट लावली असेल. तीच सीट गाडीतल्या कमोडवर घट्ट बसते का, हे ती सोबत नेऊनच बघा. आमच्या गाडीत ती बसलीच नाही, भांड्याचा आकार वेगळा होता. तिसरं, शौचालयाच्या दारातून काठीसकट माणूस वळतो का.

चालत्या गाडीत पलंगावर झोपायचं नाही, आणि उठून शौचालयातही जायचं नाही. लोक हे करतात आणि ब्रेक लागला की आपटतात. बाबांना पुढे तोंड असलेल्या, पट्टा असलेल्या सीटवर बसवा. त्यांनी जायचंय म्हटलं तर गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंपाच्या आवारात सपाट जागी थांबवायची.

शौचालयाखाली सुटकेससारखी बाहेर काढता येणारी टाकी असते. आमची २० लिटरची होती. चार माणसांना आणि तुमच्या बाबांच्या गरजेला ती रोज रिकामी करावी लागेल. कुठे करणार, हे निघण्याआधीच ठरलेलं हवं. मुक्कामाच्या जागी फोन करून स्पष्ट विचारा: टाकी तुमच्या शौचालयात ओतू द्याल का, १६ अँपिअरचा प्लग मिळेल का, पाणी भरायला नळ आहे का. तिन्हीला हो म्हटलं तरच पैसे द्या.

नंबरप्लेट पिवळी, काळ्या अक्षरांची असायला हवी. स्वतः चालवायची असती तर काळी, पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या प्लेटची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो.

रस्ता समृद्धीचा घ्या. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाला. इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. कसाऱ्याची वळणं टळतात आणि उंच गाडी डोलत नाही. निघताना गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद करायला विसरू नका. आणि पहाटे पाचला मुलुंड सोडा. उशीर झाला की माजिवडा ते मानकोली, तिथंच दीड तास जातो.

पंचवटीकर

ताई, तुमच्या बाबांची गल्ली मला माहीत आहे. तिथं आता रिक्षासुद्धा समोरून दुसरी आली की अडते. कॅराव्हॅन पंचवटीत आणूच नका. रात्री घाटावर उभी करण्याचा विचारही सोडा. एकतर २०२७च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, रस्ते कधी कुठे बंद होतील याचा भरवसा नाही. आणि दुसरं मनापासून सांगतो: गाडीतलं साबणाचं, भांड्यांचं पाणी नकळतसुद्धा गंगेत जाऊ नये. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, बाबाही म्हणत असतील. तिच्यात आधीच नको ते पुष्कळ जातं आहे.

गाडी गंगापूर धरणाकडे लावा. शहरापासून थोडं बाहेर आहे, पण बाजूला एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) ग्रेप पार्क रिसॉर्ट आहे, आणखीही राहायच्या जागा आहेत. वरच्या दादांनी सांगितलेले तीन प्रश्न तिथं विचारा. दार उघडल्यावर पाणी दिसायला हवं ना? ते धरणाचं पाणीही गोदावरीचंच. फक्त गाडी पाण्याच्या कडेच्या काळ्या मातीत नेऊ देऊ नका. वरून सुकलेली दिसते, चाक आत जातं.

घाटावर पहाटे रिक्षाने जा. मालेगाव स्टँडवरून रामकुंडाकडे उतार तीव्र आहे, काठीवाल्या माणसाला तो नको. रिक्षा गाडगे महाराज पुलाजवळ गौरी पटांगणाशी थांबवा. तिथं सपाट जागा आहे, घडीची खुर्ची टाकून बसता येतं. पायऱ्या उतरायला लागत नाहीत. जाताना अहिल्याबाई होळकर पुलावरून न्या. बाबा त्याला व्हिक्टोरिया पूल म्हणतील. वरून रामकुंड पूर्ण दिसतं.

अजून एक. शुक्रवार ते रविवार कशाला? घाटावरचा बाजार बुधवारी भरतो. तुमच्या बाबांच्या लहानपणीही बुधवारीच भरत असणार. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते, पार्किंग मिळत नाही. मंगळवारी या, बुधवारची सकाळ घाटावर काढा, गुरुवारी परत जा.

गरम कपडे आणा. नोव्हेंबरअखेरीस धरणाकडे पहाटे चांगलीच थंडी असते आणि कॅराव्हॅनचा पत्रा गार पडतो. एसीचं भाडं नका भरू, रजया मागा.

वसईकर_०५

फक्त एक गोष्ट सांगायला आलो. घाटाजवळ नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. त्याच्या दारावरची मोठी घंटा आमच्या वसईची. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली ही. बाबांना माहीत असेलच, पण तुम्ही मुद्दाम वर बघा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात आपोआप जोडले गेले.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे खूप आभार. काल टेप आणि बाबांची उंच सीट घेऊन दोन गाड्या बघून आले. पहिल्या गाडीची पायरी जमिनीपासून १७ इंच आणि कमोड १५ इंच. आमची सीट त्यावर डुगडुगत होती. मालक म्हणाला, "एका हातानं धरून बसतील." मी उठून आले. दुसऱ्या गाडीला बाहेर सरकणारी दुहेरी पायरी आहे, कमोड चौथऱ्यावर आहे, सीट बसली. दार अरुंद आहे, पण मी स्वतः काठी घेऊन तीनदा आत-बाहेर करून पाहिलं. बाबा माझ्यापेक्षा बारीक आहेत. गाडी पक्की केली.

धरणाजवळच्या एका ठिकाणी टाकी ओतायला आणि प्लगला होकार मिळाला, मेसेजवर लिहूनही घेतला. पंचवटीकर दादा, तुमचं ऐकून मंगळवार ते गुरुवार केलं. घाटावर गाडी नेण्याचा हट्ट सोडला. वसईकर, घंटेचं सांगितल्यावर बाबा म्हणाले की ६९च्या पुरानंतर त्यांच्या वडिलांनी पहिलं काय विचारलं असेल, तर घंटेला पाणी लागलं का.

गुरुवारी येताना वेळ उरला तर काय बघता येईल? फार चालायला नको.

पंचवटीकर

येताना नको, बुधवारी दुपारी जा. नांदूर मध्यमेश्वर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं धरणाचं पाणी. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२०मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. नोव्हेंबरात बाहेरची बदकं आलेली असतात. चापडगावला वनखात्याच्या फाटकाबाहेर गाडी लावा. तिथं तुमची कॅराव्हॅन खरी कामाची: मागे चहा करायचा, बाबांना हवं तेव्हा आत जाता येतं, बाहेर दुर्बीण घेऊन बसायचं. ऊन कललं की निघा.

मुलुंड_पूर्व

ठरलं. बाबांना आज सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आईला म्हणाले, बाजारासाठी कापडी पिशवी घे, तिथली मेथी आणायची आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी बदलली. चाकावरचं_घर, तुमचा सल्ला अर्धाच पाळता येणार आहे. समृद्धीने जायचं म्हटल्यावर ते म्हणाले, "बोगद्यातून गेलो तर घाट कधी लागला ते कळायचं कसं? कसाऱ्याला कान दडपले की नाशिक आलं." म्हणून जाताना कसारा, सावकाश, इगतपुरीला थांबून. येताना समृद्धी. ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे.