अनुभव धागा: थंडीतली आजारपणं. काय करता, किती, कसं आणि कुठे चुकतं?

धागाकर्ती
दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच घरोघरी खोकला सुरू होतो. "जपा, गरम कपडे घाला" हे सांगायला आजीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळे आहेत, ते इथे नको. ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी पद्धत लिहावी. "आमच्या बंड्याला गेल्या वर्षी..." छापाचे किस्से कृपया नकोत.

सुरुवात मी करते. गारठ्यातून विषाणू येत नाही, तो माणसाकडूनच येतो. कोरड्या गार हवेत नाकातली ओल कमी होते, त्यामुळे त्याला शिरकाव सोपा जातो. पण खरा घोळ म्हणजे आपण खिडक्या गच्च लावून पाच जण एका खोलीत झोपतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा आणि अंथरूण त्या झोताच्या वाटेतून बाजूला घ्या. एकच खिडकी उघडली तर हवा जागच्या जागी घुटमळते.

बालरोग वॉर्डातली सिस्टर
ताप किती, हे सगळे विचारतात. श्वास किती, हे कुणी मोजत नाही, आणि न्यूमोनिया आधी तिथे दिसतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करायचा, पोटाकडे बघायचं आणि पूर्ण १ मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच पळतो. रडत असेल किंवा नुकतंच दूध प्यायलं असेल तर तो आकडा धरू नका.

२ महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त: यातलं काही दिसलं तर दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाहीये, कण्हतंय, ओठ निळसर दिसतायत, तर मोजत बसू नका, थेट निघा. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप असेल तर घरचे उपाय नाहीत, त्याच दिवशी डॉक्टर.

औषधाच्या काउंटरवरून
पॅरासिटामॉलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ बाटलीचा होतो. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं आणि ५ मिलीत २५० असलेलंही. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० असतात. डोस वजनावर ठरतो: किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त ४ वेळा. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर १२५ वालं ६ मिली, २५० वालं ३ मिली, थेंब दीड मिली. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं की डोस दुप्पट होतो. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीबरोबरचं माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा.

दुसरं, सर्दीच्या "ऑल इन वन" औषधात बहुधा पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाचं वेगळं दिलं की यकृतावर ताण. क्लोरफेनिरामाइन आणि फिनायलेफ्रीन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा २०२३ च्या डिसेंबरपासून लेबलवर छापायला लावलाय. तो बारीक अक्षरात असतो, पण वाचा.

आणि शेंबूड हिरवा झाला म्हणून मागच्या वेळची उरलेली ॲन्टिबायोटिक काढू नका. विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो हिरवा-पिवळा होतोच.

नाक-कान-घसावाले
वाफेने विषाणू मरत नाही, चोंदलेलं नाक तेवढं मोकळं वाटतं. भाजण्याचे प्रकार मात्र दर हिवाळ्यात ठरलेले: पलंगावर पातेलं, डोक्यावर चादर, मूल हललं की उकळतं पाणी मांडीवर. लहान मुलांना वाफ नकोच. मोठ्यांनी घ्यायचीच तर पातेलं ओट्यावर किंवा टेबलावर, भिंतीला टेकून, गॅसवरून उतरवून दोन मिनिटांनी. कापूर, बाम काही घालू नका.

त्यापेक्षा मिठाचं पाणी. एक पेला (साधारण २५० मिली) पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात अर्धा छोटा चमचा सपाट मीठ. दर वेळी ताजं करा. मोठ्यांनी सिंकवर वाकून, तोंड उघडं ठेवून, एका नाकपुडीतून सावकाश सोडायचं. पाणी फार गार किंवा मीठ कमी झालं की नाक झणझणतं, आणि मग लोक सोडून देतात. नळाचं पाणी थेट वापरू नका. त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. तान्ह्या बाळाला हे घरचं पाणी नको, औषधाच्या दुकानातले सलाइनचे थेंब, दूध पाजण्याआधी १० मिनिटं, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन.

धागाकर्ती
मध आणि काढ्याबद्दल कुणी लिहील का?

आयुर्वेदाच्या ओपीडीतून
थोडक्यात लिहितो. १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, गुटीतल्या चाटणाइतकासुद्धा नाही. त्यातल्या बीजाणूंनी बाळाला बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. वर्षापुढे झोपताना अर्धा चमचा चालतो, रात्रीचा खोकला शमतो. काढ्यात आलं, गवती चहा, तुळस हवं तेवढं. ज्येष्ठमधाला मात्र हात आखडता घ्या. रोज कप-कप रिचवला की रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तो काढ्यात घालूच नये.

पाळणाघरवाली ताई
थंडीतल्या जुलाबांचा विषय कुणी काढला नाही. रोटाव्हायरसचा जोर याच महिन्यांत असतो. लस ६, १०, १४ आठवड्यांना, सरकारी केंद्रात मोफत.

लंगोट बदलल्यावर हात साबणाने २० सेकंद. अंगठ्याची मागची बाजू आणि नखांखालची जागा हमखास राहते. सॅनिटायझर याला पर्याय नाही, विशेषतः उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. हात पुसायचा नॅपकिन सगळ्यांना एकच असेल तर धुतलेलं वाया.

ओआरएसची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची. ती पूर्ण १ लिटरमध्येच. "थोडं थोडं करू" म्हणून पाव पुडी अंदाजाने टाकली की मीठ कमी-जास्त होतं. जास्त खारट झालं तर बाळासाठी ते धोक्याचं. कमी लागत असेल तर २०० मिलीची छोटी पुडी आणा. विरघळवल्यावर उकळू नका, साखर घालू नका, २४ तासांनी उरलेलं ओता. उलटी झाली की १० मिनिटं थांबून चमचा-चमचा. सोबत झिंक १४ दिवस: २ ते ६ महिने १० मिलिग्रॅम, पुढे २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, इथेच बहुतेक जण सोडतात.

दम्याच्या क्लिनिकमधून
पहाटे पाचचं फिरणं थंडीत बंद. धूर, शेकोट्यांची राख, वाहनांचा धूर सगळं जमिनीलगत साचलेलं असतं. ऊन चढल्यावर निघा, नाकावर रुमाल.

पंप वापरताना: हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्या मधली प्लास्टिकची पोकळ नळी) लावा, एकच दाब, ५-६ शांत श्वास, मग अर्धा-एक मिनिट थांबून दुसरा. दोन दाब एकदम मारले की निम्मं औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं. स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला की त्यावर स्थिर वीज येते आणि औषध पुन्हा भिंतीलाच. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी.

लसीकरण केंद्रावरून
फ्लूची लस ६ महिन्यांपुढे. ९ वर्षांखाली पहिल्यांदाच घेत असाल तर २ डोस, ४ आठवड्यांच्या अंतराने. असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणजे घरात सगळे शिंकायला लागल्यावर धावत येणं उशिराचं. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, थंडीत दुसरा. म्हणून पावसाळ्याआधीच घेतलेली बरी.

कोकणातून
भेगांचं पण लिहू द्या. मधुमेह असलेल्यांची टाच फुटली की तिथूनच जंतू शिरतात. मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, घट्ट गोळा असतो. चमच्यात वितळवून, बोटाला सोसेल एवढं निवल्यावर भेगेत भरा, वरून सुती मोजे. कढत तेल भेगेत ओतू नका. आणि पाय शेकायला गरम पाणी घेताना आधी घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी हात घालून बघा, मधुमेह्याच्या पायाला चटका कळतच नाही.

गीझर बसवणारा
हा जंतूंचा विषय नाही, तरी थंडीतच घडतो. गॅसचा गीझर बाथरूमच्या आत बसवू नका. दार-खिडकी बंद, आतल्या ज्योतीला हवा कमी, कार्बन मोनॉक्साइड तयार. त्याला वास नसतो. डोकं जड, मळमळ, पाय लटके, आणि माणूस फरशीवर. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ सुद्धा दाखवतं, त्यावर विसंबू नका. दार उघडा, माणसाला उघड्यावर ओढा, मग १०८. आंघोळीला कुणी वीस मिनिटं आत असेल आणि हाकेला ओ देत नसेल, तर कडी तोडा.