कान आम्हालाही आहेत : म्युनिकच्या हाय-फाय जत्रेवरून

तिरकीटधा
कानसेन यांनी म्युनिकचं महागड्या ध्वनियंत्रणांचं 'हाय एंड' प्रदर्शन पाहून आल्यावर इथे लिहिलं : "ज्यांनी अर्ध्या कोटीच्या वरची सिस्टीम ऐकलेली नाही, त्यांनी आवाजावर बोलू नये. गरिबी खिशात चालते, कानात चालत नाही." दोन दिवस झाले, हे वाक्य पचत नाहीये. म्हणून लांबलचक लिहितोय.

मी अकरा वर्षं म्युनिकला आहे. हे प्रदर्शन २००४ पासून इथल्या एमओसी या प्रदर्शन-केंद्रात भरायचं. २०२५ला इथला शेवटचा प्रयोग झाला; २०२६पासून बिऱ्हाड व्हिएन्नाला. यू-सिक्स मेट्रोनं कीफर्नगार्टनला उतरायचं आणि रेकॉर्डच्या चौकोनी पिशव्या घेतलेल्या पन्नाशीच्या पुरुषांमागून चालत सुटायचं, रस्ता विचारावा लागायचा नाही. पाच वेळा गेलोय. म्हणजे 'ऐकलेलं नाही' हे माझ्या बाबतीत बाद.

वरच्या मजल्यावरची खोली. दार बंद, खुर्च्यांच्या तीन रांगा, पुढे कपाटाएवढे दोन स्पीकर. लोक डोळे मिटून, हनुवटी छातीला लावून बसलेले, आरतीनंतर मंत्रपुष्पांजली चालू असावी तसे. वाजतंय काय? एक बाई कुजबुजत्या आवाजात गातेय, एक गिटार, मधूनच डबल बास. शेजारच्या खोलीत दुसरी बाई, तीच कुजबुज. मी पेनड्राइव्ह पुढे केला, त्यात किशोरीताईंची एक मैफल होती. काळ्या शर्टातला माणूस गोड हसला. म्हणाला, आमची यादी ठरलेली आहे.

अहो, कुजबुजणारी बाई आणि एक गिटार माझ्या स्वयंपाकघरातल्या डबड्या स्पीकरवरही छान वाजते! जे मला पाठ आहे ते वाजवलंत तर मी सांगेन ना, काय निसटलं ते. पैसे तुमचे, खुशाल उडवा. पण बिल दाखवून दुसऱ्याच्या कानाची लायकी काढू नका.

कानसेन
व्वा. फुकटात ऐकायचं, वर यजमानाच्या यादीला नावं ठेवायची. हॉटेलात जाऊन स्वतःची डाळ शिजवायला देता का? मी पंचवीस वर्षं या छंदात आहे. पुण्यात माझ्या घरी या, स्पीकरची केबल बदलून दाखवतो. तानपुरा डावीकडून उठून गायिकेच्या मागे जाऊन बसतो. ज्याला हे ऐकू येत नाही त्याच्याशी वाद घालणं म्हणजे आंधळ्याला सूर्यास्त सांगणं.

शून्य_डेसिबल
तानपुरा उठून मागे जाऊन बसतो? बिचाऱ्याला सतरंजी तरी घाला.

हिशेब करा. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर, तीन मीटर लांब. जाऊन-येऊन सहा मीटर. रोध भरतो जेमतेम ०.०४ ओहम. समोर स्पीकर आठ ओहमचा. यातून तानपुरा कुठे उठणार? ही वायर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळते.

२००७ साली मायर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात चाचणी छापली. महागड्या हाय-रेझोल्यूशन आवाजाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची कडी घातली आणि ओळखा म्हणाले. ५५४ प्रयत्न, २७६ बरोबर. छापा-काटा! आणि शोरूमची जुनी युक्ती : महाग वस्तूचा आवाज किंचित मोठा ठेवायचा. अर्धा डेसिबल मोठं वाजलं तरी कान म्हणतो, 'खुलून आलं'.

पेठकरीण
केबलचा विषय निघालाय तर आमच्याकडची गोष्ट. यजमानांनी केबल आणली, बिल पुस्तकात दडवलं. मला सापडलं तेव्हा म्हणाले, 'शून्य एक जास्त पडलंय छापताना.'

पण मला खरा राग आहे तो आपल्या मैफलींतल्या ध्वनिव्यवस्थेचा. पाच कोटींचे स्पीकर गेले उडत. इथे तिकीट काढून बसावं तर तबल्याच्या डग्ग्याला असा बास चढवलेला की पोटात ढप-ढप होतं. गायक हातानं 'कमी' म्हणतोय, मागचा मुलगा फोनमध्ये. आणि तानपुरा? दोन तानपुरे मागे ठेवलेले शोभेला, वाजतं आहे ते डबीतलं इलेक्ट्रॉनिक यंत्र.

मिरजेचा_भोपळा
ताई, तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे झाले. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ला भौगोलिक मानांकन मिळालं, हारतुरे झाले, आणि गिऱ्हाईक विचारतं, 'ॲप नाहीये का याचं?'

शून्यभाऊ, तुमच्यासाठी. घोडीवर तार टेकते तिथे सुताचा दोरा घालतात. तो केसभर पुढे सरकवला की तार नुसती टणटणते, केसभर मागे घेतला की जवारी, म्हणजे तारेची गुंजन, उघडते, सगळी खोली भरते. माझे आजोबा कानस दोनदा फिरवायचे आणि थांबायचे. तिसऱ्यांदा फिरवली की घोडी वाया. केसभराचा फरक ऐकू येतो तर केबलचा का येणार नाही?

शून्य_डेसिबल
कारण दोरा तारेची हालचालच बदलतो! हा कानाचा चमत्कार नाही, मोजता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच यावर निबंध लिहिलाय. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारा वरचा स्वर) निघायलाच नको, तो तंबोऱ्यात ठणठणीत निघतो, कारण घोडीचा माथा सपाट-वक्र आहे आणि तार त्यावर टेकत-सुटत राहते. तुमच्या आजोबांचा हात मापात दिसतो. कानसेनांची केबल दाखवा मापात.

मिरजेचा_भोपळा
आजोबांना रामन माहीत नव्हते. त्यांनी मापाशिवायच केलं.

शून्य_डेसिबल
मी वेगळं काय म्हणतोय?

पेठकरीण
भोपळेदादा, पण यंत्राला एवढं तोडू नका. माझी मुलगी हॉस्टेलवर त्यावरच रियाज करते. पाच फुटी तंबोरा ती कुठल्या रेल्वेच्या बर्थवर ठेवणार?

मिरजेचा_भोपळा
रियाजाला वापरा की. मंचावर नको. यंत्र एकच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरवतं. माणूस छेडतो तेव्हा प्रत्येक खेप निराळी असते, गायकाला कुठे टेकायचं ते कळतं. बाकी आमच्या धंद्याचं काय ते आम्ही बघू, तुम्ही दया दाखवू नका.

पेठकरीण
दया कोण दाखवतंय? तुमच्याच गावच्या दुकानातून तंबोरा घेतला होता, वर्षात भोपळ्याला चीर गेली. फोन केला तर म्हणे 'पुण्याची हवा'.

मिरजेचा_भोपळा
कोणाकडून घेतलात ते मला माहीत नाही. हवा मात्र खरी कारण असते.

जुना_रेडिओ
तंबोऱ्यावरून भांडून झालं असेल तर मी बोलू? केबलवाल्यांना सोडा, रेकॉर्डवाल्यांचं ऐका. २०२२ साली मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचं प्रकरण झालं. 'अस्सल ॲनालॉग' म्हणून चढ्या भावानं विकल्या गेलेल्या त्यांच्या रेकॉर्ड्समध्ये मधली पायरी डिजिटल निघाली, तीही २०११पासून. मोठमोठे कान वर्षानुवर्षं त्याच रेकॉर्ड्सच्या 'उबेची' तारीफ करत होते. फिनिक्सच्या एका दुकानदारानं हे उघडकीला आणेपर्यंत एकालाही डिजिटलचा वास आला नाही.

कानसेन
त्या रेकॉर्ड्स माझ्याकडे तीन आहेत. आजही सुंदर वाजतात.

जुना_रेडिओ
हेच तर म्हणतोय मी!

तिरकीटधा
धागा माझा, भोपळा मिरजेचा. असो. कानसेन, एक कबूल करतो. २०१९ला एका खोलीत बर्लिनच्या एमबीएल कंपनीचे ते चहूबाजूंनी आवाज फेकणारे स्पीकर वाजत होते. मी खुर्ची सोडून भिंतीशी गेलो, कोपऱ्यात गेलो, तरी व्हायोलिन जागचं हललं नाही. हात जोडले मनातल्या मनात. तेव्हा स्पीकरचा फरक असतो, हे मान्य. केबलचं नाही.

कानसेन
आभारी आहोत, महाराज. तुमच्या मान्यतेवाचून माझं अडलं होतं.

आणि शून्य_डेसिबल, काल रात्री केली तुमची चाचणी. मुलीला पडद्यामागे बसवलं, ती वायर बदलायची, मी सांगायचो. दहापैकी सहा बरोबर!

शून्य_डेसिबल
नुसतं नाणं उडवलं तरी दहात सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३८ टक्के असते. वीस वेळा करा.

कानसेन
मुलगी झोपली. आणि ती दोनदा वायर न बदलता 'बदलली' म्हणाली, असा मला संशय आहे.

शून्य_डेसिबल
हुशार आहे. बरं, खोली किती मोठी आहे?

कानसेन
दहा बाय बारा.

शून्य_डेसिबल
दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झला आवाज घुमणारच. डग्गा पसरट येत असेल. केबलच्या पैशात दोन्ही कोपऱ्यांत जाड लोकरीच्या गाद्या उभ्या करा.

कानसेन
डग्गा पसरट येतो हे तुम्हाला कसं कळलं?

पेठकरीण
आमच्याकडेही येतो! गादी कापसाची चालेल का?

शून्य_डेसिबल
चालेल, पण जाड हवी. एक फूट तरी.

कानसेन
कापसाची आहे घरी. बायको देईल का, हा वेगळा प्रश्न. फोटो मात्र टाकणार नाही.