मदत हवी आहे: पाइन, सूत्रकृमी आणि संप्रेरकं, सॅलिसिलिक की जॅस्मोनिक?

म्हापसेकरीण:
सोमवारी एमएस्सीचा सेमिनार आहे आणि एकाच स्लाइडवर अडकलेय. पुस्तकात लिहिलंय, सॅलिसिलिक आम्ल रोगजंतूंविरुद्ध, जॅस्मोनिक किड्यांविरुद्ध, आणि दोन्ही एकमेकांना दाबतात. मग सूत्रकृमी (झाड वाळवणारा अतिसूक्ष्म जंत) शिरल्यावर झाड यातलं कोणतं संप्रेरक वापरतं? एका पेपरात एक, दुसऱ्यात उलटंच. कोणीतरी लवकर सांगा.

कुळागरी_फोंडा:
ताई, मिरवेल (काळ्या मिरीची वेल) आहे का? आमच्याही वेली पिवळ्या पडल्यात, मुळांवर गाठी आल्यात. मी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा बुरशी घालतो, मधे झेंडू लावतो. संप्रेरकं विकत घेऊन पैसे घालवू नका.

म्हापसेकरीण:
पाइन हो, शीर्षकातच आहे. आणि फवारायचं काही नाही, झाड स्वतः काय करतं ते हवंय.

कोलवा७:
आमच्या किनाऱ्यावरचे पाइन वाळायला लागलेत. तोच कृमी का?

वनस्पतीवाले_सर:
किनाऱ्यावर आहे तो सुरूचा वृक्ष. सपुष्प झाड, पाइनशी नातं नाही. सुया वाटतात त्या बारीक हिरव्या फांद्या असतात. त्याचं कारण वेगळं शोधा.
ताई, कोणत्या जातीचा पाइन, रोप की मोठं झाड, आणि कृमी सोडल्यावर नमुना कधी घेतला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

म्हापसेकरीण:
एक जपानी काळा पाइन, दुसरा पोर्तुगालचा पिनास्टर. दोन्हीकडे रोपं, नमुने सुरुवातीच्या दिवसांतले.

अ‍ॅस्पिरिनवाला:
सॅलिसिलिकच. झाडाची सगळी प्रतिकारशक्ती त्यावर चालते. अ‍ॅस्पिरिन म्हणजे सॅलिसिलिकचंच रूप, मी मिरचीच्या रोपांना त्याचं पाणी घालतो, छान येतात.

वनस्पतीवाले_सर:
मिरचीवरून पाइन ठरवता येत नाही. काळ्या पाइनच्या अभ्यासात रोगाला बळी पडणाऱ्या रोपांतच सॅलिसिलिकशी जोडलेली संरक्षक जनुकं लवकर आणि जोरात पेटतात. तग धरणारी रोपं संयमानं उत्तर देतात आणि पेशीभित्ती मजबूत करतात. जास्त सॅलिसिलिक म्हणजे जास्त संरक्षण, असं तिथे दिसत नाही.

अ‍ॅस्पिरिनवाला:
म्हणजे सॅलिसिलिक निरुपयोगी? पटत नाही.

प्रयोगशाळा_ताळगाव:
निरुपयोगी कोणी म्हटलं नाही. पिनास्टरच्या तगणाऱ्या रोपांत जॅस्मोनिकचा मार्ग आणि लिग्निन (पेशीभित्ती कडक करणारा पदार्थ) उठून दिसतात. एरवीही मिथाइल जॅस्मोनेट (जॅस्मोनिकचंच एक रूप) लावलं की स्प्रूससारख्या सूचिपर्णींत नव्या राळवाहिन्या तयार होतात.

पण ताई, तुलना कशाशी केलीय ते आधी बघा. निसर्गात मोनोकॅमस भुंगा कोवळी फांदी कुरतडतो आणि त्या जखमेतून कृमी शिरतो. प्रयोगातही खोडाला चीर द्यावी लागते. नुसत्या चिरेनंही जॅस्मोनिक वाढतं. शेजारी चीर देऊन फक्त पाणी घातलेली रोपं नसतील, तर कृमीचा परिणाम कुठला आणि जखमेचा कुठला, हे कळणारच नाही. दोन पेपर का भांडतात, याचं अर्धं उत्तर बहुधा इथेच मिळेल. शिवाय एकमेकांना दाबण्याचा नियम मुख्यतः अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या सपुष्प रोपातून आलाय, तो पाइनवर डोळे मिटून लावू नका.

म्हापसेकरीण:
एकात चीर-पाणी आहे, दुसऱ्यात नुसती निरोगी रोपं! हे मी बघितलंच नव्हतं. पण आमचे कॉलेजचे सर "एकच उत्तर दे" म्हणतात.

प्रयोगशाळा_ताळगाव:
एक उत्तर देऊ नका. जात, तगणारं की बळी पडणारं रोप, आणि वेळ, असा तक्ता करा. इथिलीन या आणखी एका संप्रेरकालाही एक रकाना ठेवा.

माडवाली_पेडणे:
मधेच विचारते, याच कुळातला कृमी माडालाही लागतो ना?

वनस्पतीवाले_सर:
हो, बर्साफेलेंकस कोकोफिलस. खोडात लाल कडं पडतं. पण तो रोग कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकेतला, तिथल्या सोंड्या भुंग्यामार्फत पसरतो. भारतात नाही. पाइनचा कृमी, बर्साफेलेंकस झायलोफिलस, मूळ उत्तर अमेरिकेचा, तिथले पाइन त्याला बरेचसे सोसतात. जपानमध्ये त्यानं जंगलं वाळवली, 1999 साली पोर्तुगालमध्ये सापडला.

कुळागरी_फोंडा:
माझ्या मिरवेलीचं कोणी सांगणार का?

प्रयोगशाळा_ताळगाव:
काका, मुळं आणि मूठभर माती पिशवीत घालून जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा. गाठी असतील तर बहुधा मेलॉयडोगायने हा गाठी करणारा सूत्रकृमी, पण मिरवेलीला मुळं पोखरणारा रॅडोफोलस सूत्रकृमीही लागतो, त्याच्या गाठी होत नाहीत. आणि झेंडू वेलीच्या बुंध्याजवळच हवा.