पुण्यात हापूस विकतोय, गिऱ्हाईकाला आपला माल वेगळा कसा पटवायचा?

आमची कलमं देवगडची. हंगामात कोथरूडला पेट्या लावतो. शेजारी कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून निम्म्या भावात जातो. काय करू?

उत्तर १: भाऊ, भाव पाडू नका. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावता येतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या, प्रमाणपत्र दर्शनी लावा.

उत्तर २: कागद कोण वाचतंय? दोन्ही आंबे समोर कापा. आपल्याची साल पातळ, गर केशरी. त्याची साल जाड, गर पिवळट. फोड तोंडात गेली की माणूस घासाघीस विसरतो. आणि हो, पेटीत चिठ्ठी टाका: आंबा कधी उतरवला, कधीपासून खायचा. माझी गिऱ्हाइकं ती चिठ्ठी जपून ठेवतात.

प्रश्नकर्ता: उद्याच सुरी-ताटली नेतो. नोंदणीला सातबारा लागेल ना?